कुणाकडचं पावणं

लग्नाचे फोटो काढायला त्यांनी मलाच का बोलावलं, ही शंका मला अगदी पहिल्या दिवसापासून होती.

मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. गावोगावहून दूध येतं. त्यात पाणी घातलंय का, साखर घातलीय का, आणखी काही भलतंसलतं आहे का, हे बघायचं. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाच्या नजरेचं जे व्हायचं ते होतंच. बायको म्हणते, तुम्ही देवळातल्या तीर्थाकडंसुद्धा नमुना आल्यासारखं बघता. तिचं काही चुकत नाही.

फोटोचा नाद मला उशिरा लागला. रविवारी सकाळी कळंब्याच्या तलावावर जायचं, काठाच्या झुडपात बसायचं आणि लांब लेन्स लावून पाणकावळे, बगळे, खंड्या टिपायचे. पक्ष्यांचं एक बरं असतं. आपला फोटो कसा आलाय हे त्यांना बघायचं नसतं. माणसांचे फोटो मी कधी काढलेच नव्हते. घरच्या वाढदिवसालाही पोरं मोबाईल वापरायची.

आमच्या हिशेब विभागात एक गृहस्थ आहेत, माझ्यापेक्षा थोडे थोरले. एके दुपारी कँटीनमध्ये ते समोर येऊन बसले.

"पुतणीचं लग्न हाय, उचगावात. फोटो तुम्ही काढायचे."

मला हसू आलं. "अहो, मी बगळ्यांचे फोटो काढतो."

"मग आमची पोरगी काय बगळ्यापेक्षा वाईट हाय व्हय?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला. कोल्हापुरात माणूस आवाज खाली आणतो तेव्हा कान टवकारावेत, हा माझा अनुभव आहे.

"फोटो फक्त माझ्या हातात द्यायचे. मोबाईलवर कुणाला पाठवायचे न्हाईत, स्टेटसला लावायचे न्हाईत. आणि कुणी काय विचारलं तर आपल्याला काय म्हाईत न्हाई, एवढंच म्हणायचं."

"काय विचारणार मला?"

"काय न्हाई हो. लग्नात लोकं कायबी विचारत्यात."

घरी सांगितलं तर बायको भाकरी थापता थापता थांबली. "उचगावात काय फोटोवाले कमी हायत? एका गल्लीत चार दुकानं. त्यांच्या घरचं प्रत्येक कार्य कुणीतरी काढत असणारच की. ते सोडून तुम्ही?"

"विश्वासातला माणूस पाहिजे असेल."

"विश्वासातला माणूस कशाला लागतो ठाऊक हाय का? लपवायचं काय असलं तर."

ते वाक्य घेऊनच मी लग्नाला गेलो.

मंगल कार्यालय गावाबाहेर होतं. मी सकाळी लवकर पोचलो. हळदीपासूनच माझी फजिती सुरू झाली. कॅमेऱ्याबरोबर आलेली छोटी लेन्स मी कपाटातून काढून आणली होती, पण तिची सवय नव्हती. मांडवाचं कापड हिरवं होतं आणि त्यातून येणाऱ्या उजेडात हळद लावलेले सगळे चेहरे कच्च्या कैरीसारखे दिसत होते. शिवाय माझी सवय गप्प बसून वाट बघायची. इथं कॅमेरा वर केला की बायका ताठ व्हायच्या, पदर सारखा करायच्या आणि श्वास रोखून बघत राहायच्या. "ओ फोटोवालं, आमाला जरा हसवा तरी की!" एक करवली ओरडली. मला कुणाला हसवता येत नाही. मी नुसतं "हं, हं" म्हणत बटण दाबत राहिलो.

नवरी मात्र समंजस होती. सगळा गोंधळ बघून हळूच म्हणाली, "काका, तुम्ही तुमच्या पद्धतीनं काढा. मी तुमच्याकडं बघतच न्हाई." ती खरोखर बघायची नाही. पण मी लक्ष ठेवून होतो, आणि मला दिसत होतं की ती दुसरीकडं कुठंतरी बघत होती. सारखी. दाराकडं.

तेवढ्यात वऱ्हाड आलं. नवरदेव मलकापूरचा. दोन बसगाड्या भरून पाहुणे उतरले आणि त्यांच्या पुढं नवरदेवाची आत्या. अंगानं थोराड, नाकात नथ, हातात मोबाईल आणि डोळे कुठंच न ठरणारे. आल्या आल्या तिनं रुखवत मांडलेल्या टेबलाला फेरी मारली, एक लाडू बोटानं दाबून बघितला, ताटाखालचं कापड उचलून बघितलं. मी मनात म्हटलं, ही आपल्या जातकुळीतली.

तिनंही मला तसंच ओळखलं असावं, कारण ती सरळ माझ्याकडं आली.

"पावणं, तुम्ही नवरीकडचं व्हय?"

"व्हय. म्हणजे, तिच्या चुलत्यांच्या ऑफिसातला."

"मग पोरीला लहानपणापास्नं बघत आलायसा."

"न्हाई. आजच बघतोय."

"आजच?" तिनं ते माझ्याकडून काढून घेऊन कनवटीला लावलं. "साखरपुड्याला कुणी काढलं मग फोटो?"

"मला काय म्हाईत न्हाई."

"एवढी देखणी पोरगी, शिकलेली. एवढी वर्सं घरात बसून ऱ्हायली. आणि हितं जवळपास कुणी मिळालं न्हाई म्हणून पार मलकापूरपातूर आली. का आली वो?"

"मला काय म्हाईत न्हाई," मी पुन्हा म्हणालो, आणि म्हणताना ध्यानात आलं की मला पढवून ठेवलेलं वाक्य मी बरोब्बर बोललो होतो.

त्यानंतर मला तो माणूस दिसला.

पांढरा सदरा, पांढरी टोपी, वय साठीच्या पुढचं. उंच आणि वाळका. मुख्य दालनाच्या शेवटच्या खांबाला लागून तो उभा होता आणि हातात कापडी पिशवी होती, पोटाशी घट्ट धरलेली. पाहुण्यांच्या गर्दीचा एक सर्वसाधारण फोटो घ्यावा म्हणून मी कॅमेरा वर केला आणि तो खांबाआड गेला. मला आधी काही वाटलं नाही. पण मी दुसऱ्या बाजूनं गेलो, कॅमेरा वर केला, आणि तो पुन्हा खांबाच्या पलीकडं. तिसऱ्यांदाही तेच. तलावावर वंचक नावाचा पक्षी असाच वागतो. तो उडून जात नाही, नुसता आडोसा बदलतो. पण पक्ष्याला लपायला कारण असतं. लग्नाला आलेल्या माणसाला कॅमेऱ्यापासून लपायचं कारण काय?

लग्नाच्या कार्यालयात चोऱ्या होतात हे सगळ्यांना माहीत आहे. चांगले कपडे घालून यायचं, दोन्ही बाजूंना आपण दुसरीकडचे आहोत असं वाटू द्यायचं आणि नवरीच्या खोलीजवळ घुटमळायचं. हा माणूस उभा होता ती जागा नेमकी नवरीच्या खोलीच्या वाटेवर होती. मी मुलीकडच्या, पाणी वाटणाऱ्या एकाला विचारलं, "ते खांबाजवळचे कोण?" तो म्हणाला, "मलकापूरकडचं असतील." फेटे वाटणाऱ्या वऱ्हाडातल्या एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुमच्याकडचं न्हवं ते?"

झालं. माझी खात्रीच पटली.

मी गच्चीच्या जिन्यावर चढलो, लांब लेन्स लावली आणि वाट बघत बसलो. हे काम मला येतं. थोड्या वेळानं तो खांबाआडून बाहेर आला. टोपी काढून कपाळ पुसलं आणि नवरीच्या खोलीच्या बंद दाराकडं बघितलं. मी तो क्षण टिपला. सकाळपासूनचा माझा पहिला धड आलेला फोटो तो.

खाली येऊन मी हिशेब विभागातल्या आमच्या गृहस्थांना बाजूला घेतलं. "या माणसावर लक्ष ठेवा. दोन्हीकडचा नाही हा."

त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चोर दिसल्यावर माणूस चिडतो, ओरडतो, चार पोरं गोळा करतो. ह्यांनी आधी आत्या कुठं आहे ते बघून घेतलं.

"हा फोटो काढून टाका," ते म्हणाले.

"ओळखता तुम्ही?"

"काढून टाका म्हणतोय न्हवं? आणि त्या मलकापूरच्या आत्याला तर अजिबात दावू नका."

ते भराभरा गेले आणि नवरीच्या बापाला घेऊन आले. दोघांनी त्या म्हाताऱ्याला दंडाला धरून, पण पाहुण्याला जेवायला नेतात तसं हसत हसत, मागच्या दारानं बाहेर नेलं. मी फोटो काढून टाकला नाही. उलट मागच्या खिडकीशी गेलो आणि लेन्समधून बघू लागलो. बाहेर, गाड्या लावायच्या जागेत, नवरीचा बाप त्या माणसापुढं हात जोडून उभा होता. सकाळपासून सगळ्यांवर आवाज चढवणारा तो धिप्पाड माणूस मान खाली घालून विनवत होता. म्हातारा काहीतरी बोलत होता आणि पिशवी पुढं करत होता. बाप ती घेत नव्हता.

आता माझ्या डोक्यात निराळीच चक्रं फिरू लागली. हा चोर नव्हे. ह्याच्याकडं काहीतरी आहे आणि हा दाबतोय ह्यांना. ऐन लग्नात गाठलंय.

"काय दिसतंय तिकडं?" मागून आवाज आला. आत्या. "एवढ्या वेळ काय बघताय? दावा बघू."

"बॅटरी संपली," मी म्हणालो आणि कॅमेरा बंद केला.

"आत्ता तर चालू हुता."

"आत्ताच संपली."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "ह्या घरात कायतरी हाय. मला आल्यापास्नं वास येतोय," ती म्हणाली. खरं सांगायचं तर मलाही येत होता.

तेवढ्यात मला नवरीच्या खोलीत बोलावणं आलं. मुंडावळ्या बांधून झाल्या होत्या, एकटीचे फोटो घ्यायचे होते. मी खिडकीजवळ तिला उभी केली. तिनं सोबतच्या बहिणीला पाणी आणायला पाठवलं आणि दार लोटल्याबरोबर म्हणाली, "काका, तुम्ही सगळीकडं फिरताय. बाहेर एक बाबा आलेत का? पांढरी टोपी, उंच."

"आलेत. तुमच्या वडिलांनी त्यांना बाहेर नेलं."

तिनं मुंडावळ्या बाजूला सारल्या. "मीच बोलावलंय त्यांना. पप्पांना न सांगता."

"कोण ते?"

ह्याला सांगावं का न सांगावं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग सांगून टाकलं. जयसिंगपूरच्या बाजूला एक गाव आहे. तिथल्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, पत्रिका छापायला टाकल्या होत्या. मुलाला ताप आला. साधा ताप म्हणून दोन दिवस अंगावर काढला आणि मग दवाखान्यात नेईपर्यंत हाताबाहेर गेलं. मुलगा गेला. त्यानंतर गावात कुजबुज सुरू झाली. पोरगी पांढऱ्या पायाची आहे. येणारी स्थळं उंबऱ्यातूनच मागं फिरू लागली. शेवटी बापानं लांबचं, पश्चिमेकडचं, ज्यांच्या कानावर काही गेलेलं नाही असं स्थळ शोधलं. गावातल्या फोटोवाल्यानं तो आधीचा साखरपुडा काढला होता. तो आला असता तर बोलता बोलता बोलून गेला असता. म्हणून मी.

"त्या वेळी सगळ्यांनी मला बोल लावले," ती म्हणाली. "एकट्या त्या बाबांनी न्हाई. दिवस घातल्यावर ते आमच्या घरी आले आणि म्हणाले, पोरी, तुझा काय दोष न्हाई, तुझं लगीन होईल तवा मला बोलाव, मी येतो."

"आणि नवरदेवाला हे ठाऊक नाही?"

"ठाऊक हाय. दुसऱ्यांदा भेटलो तेव्हाच सांगितलं मी. पप्पांना तेवढं म्हाईत न्हाई, की ह्यांना म्हाईत हाय." मग ती घाईनं म्हणाली, "काका, ह्यांना तेवढा निरोप द्या. बाबा आलेत म्हणावं."

मी बाहेर आलो आणि जिन्यापाशी थांबलो. मुलीचं बोलणं खरं वाटत होतं. पण खरं वाटणारं दूधच मी जास्त तपासतो. समजा नवरदेवाला काहीच माहीत नसलं तर? घाबरलेल्या पोरीनं वेळ मारून नेली असली आणि मी भाबडेपणानं जाऊन सांगितलं, तर अक्षता पडायच्या आधी लग्न मोडायचं, आणि मोडणारा मी. बरं, न सांगावं, तर तो म्हातारा दारात ताटकळणार.

शेवटी मी नवरदेवाच्या खोलीत गेलो. त्याला फेटा बांधत होते. "खिडकीजवळ एकट्याचा एक फोटो घेऊ," असं म्हणून मी त्याला बाजूला घेतला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि हळूच म्हणालो, "नवरीनं निरोप दिलाय. एक बाबा आलेत म्हणाली."

मी त्याचा चेहरा बघत होतो. त्यावर काहीच हललं नाही.

"कोण बाबा?" तो म्हणाला.

मी उगाच लेन्स फिरवली. मग तो पुढं झुकला.

"तुम्हाला आत्यानं पाठवलंय का?"

"आत्यानं? मला? कशाला?"

"सकाळधरनं ती तुमच्यासंगट बोलतीय, मी बघतोय. आधी तुम्ही सांगा, कोण बाबा?"

असे आम्ही दोघं एकमेकांकडं बघत उभे. दोघांनाही एक शब्द ऐकायचा होता आणि आधी बोलायला कुणीच तयार नव्हतं. फेटेवाला मागून म्हणाला, "अवो, झाला का न्हाई फोटो?"

मीच माघार घेतली. "जयसिंगपूरकडचे," मी म्हणालो.

त्याचा जीव भांड्यात पडला. "मग तसं सांगा की सरळ! सकाळपास्नं वाट बघतोय मी त्यांची. मीच म्हणलो होतो तिला, बोलाव त्यांस्नी म्हणून. कुठं हायत?"

"मागं. गाड्यांपाशी."

तो तसाच निघाला. फेट्याचं एक टोक खांद्यावर लोंबत होतं आणि फेटेवाला ते धरून मागं पळत होता. त्याच्यामागं मी. भर दालनातून नवरदेव चाललाय म्हटल्यावर पाहुणे उठून उभे राहिले. आत्या उठली. "काय झालं रं? कुठं चाललास?" म्हणत तीही मागं आली. समोरून नवरीचा बाप येत होता. आमची वरात बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

म्हातारा गाड्यांच्या पलीकडं फाटकापाशी पोचला होता. जायला निघालाच होता तो. नवरदेवानं त्याला गाठलं आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला.

"जावईबापू," नवरीचा बाप धापा टाकत आला, "हे आपलं, आमच्या लांबच्या नात्यातलं..."

"पप्पा, मला सगळं म्हाईत हाय," नवरदेव म्हणाला.

बाप जागच्या जागी थिजला. पण आत्या पुढं सरसावली. "काय म्हाईत हाय? मला न्हाई म्हाईत. मला सांगा. हे कुणाकडचं पावणं?"

रस्त्यावरून एक उसाचा ट्रॅक्टर मोठमोठ्यानं गाणी लावून गेला. तो जाईपर्यंत सगळे तसेच उभे होते. मग तो म्हाताराच बोलला, अगदी साध्या आवाजात.

"माझ्या पोरासंगट ठरलं हुतं हिचं. पोरगं तापानं गेलं. पोरीचा काय दोष न्हाय त्यात. तेवढं सांगायला आणि आमच्या मालकिणीनं दिलेली ओटी पोचवायला आलतो. तुमच्या कार्यात माझा अपशकुन नगं. ही पिशवी घ्या, मी निघतो."

पिशवीच्या तोंडातून एक नारळ आणि हिरव्या साडीचा काठ दिसत होता.

आत्यानं आधी नवरीच्या बापाकडं बघितलं. "हे आमच्यापास्नं लपवलंसा?" बापानं हात जोडले. मग ती म्हाताऱ्याकडं वळली आणि तिनं उलटतपासणी सुरू केली. मला तिचा रागही आला आणि काय विचारते ते ऐकायचंही होतं.

"ताप कसला हुता?"

"डॉक्टर म्हणलं, डेंगू."

"दवाखान्यात नेलतं न्हवं?"

"नेलतं की. कोल्हापुरातच."

"साखरपुड्यानंतर पोरगी आलती का तुमच्या घरात?"

"न्हाय. पाऊलच पडलं न्हाय तिचं. पडायचं हुतं."

आत्या पदराशी चाळा करत उभी राहिली. तिच्या मनात काय चाललंय ते कळत नव्हतं. नवरदेव काहीतरी बोलायला गेला तर तिनं हातानंच त्याला गप्प केलं.

"आमच्या थोरल्या दादाचं पोरगं," ती शेवटी म्हणाली, "असंच तापानं गेलं. कॉलेजात हुतं. त्या वक्ताला तर घरात कुठल्या नव्या पोरीचं पाऊल पडलं नव्हतं. मग कुणाला बोल लावायचा हुता आम्ही?" मग एकदम नेहमीच्या आवाजात ओरडली, "आता काय बघत उभं ऱ्हायलाय? त्यांस्नी आत घ्या. मुहूर्त जवळ आलाय आणि नवऱ्याचा फेटा सुटलाय!" आणि आत जाताजाता नवरीच्या बापाला, "तुमच्यासंगट मी मागनं बोलणार हाय, पावणं. सोडत नसते मी."

मग माझ्याकडं वळून, "आणि तुमची बॅटरी लई लवकर भरली वो!"

मी कॅमेरा कधीच डोळ्याला लावला होता, हे माझ्याआधी तिच्याच ध्यानात आलं.

अक्षतांच्या वेळी म्हातारा पुढच्या रांगेत होता. अंतरपाट दूर झाला तो क्षण मी चुकवला. कुणाचा तरी मोबाईल मध्ये आला. मंगळसूत्राच्या वेळी भटजींचा हात मध्ये आला. पुढं स्टेजवर पाहुण्यांचे फोटो सुरू झाले तेव्हा नवरीनं बाबांना वर बोलावलं. ते येईनात. "मला नगं, मी हितंच बरा," म्हणत मागं सरकू लागले. तेव्हा कळलं, सकाळपासून ते खांबाआड का जात होते. कुणाच्या मंगल कार्याच्या फोटोत आपण नको, एवढंच होतं त्यांच्या मनात.

नवरी शालू सावरत खाली उतरली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दुसऱ्या बाजूला नवरदेव. बाबा लाकडासारखे ताठ. आत्या खुर्चीतून ओरडली, "अवो, हाताची घडी कशाला? शाळंत उभं केलंय व्हय?" आणि नवरीला हसू फुटलं. मी बटण दाबलं.

नवरीचा बाप त्या फोटोत आला नाही. दिवसभर तो मुलीशी बोललाच नाही. इतके महिने जिवापाड जपलेली गोष्ट आपल्याच लेकीनं उघडी केली, याचा राग होता का लाज होती, मला सांगता येणार नाही. निरोपाच्या वेळी ती पाया पडली तेव्हा तो तिला म्हणाला, "मला तरी सांगायचंस." ती म्हणाली, "तुम्ही येऊ दिलं असतं का त्यांना?" तो तिच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

फोटो बरेचसे वाईट निघाले. जे बरे होते ते मी ठरल्याप्रमाणं चुलत्यांच्या हातात दिले. चार दिवसांनी ते कँटीनमध्ये आले. "त्या म्हाताऱ्याचे तेवढे अल्बममध्ये नकोत. दादा म्हणतोय." मी विचारलं, "आता काय राहिलंय लपवायला?" ते म्हणाले, "तसं न्हाई हो. पण गावातली माणसं अल्बम बघणार, विचारणार. असू दे." मी ते वगळले. अल्बम त्यांचा होता.

पण त्याच आठवड्यात मलकापूरहून नवरीचा फोन आला. म्हणाली, "काका, त्या तिघांच्या फोटोची एक प्रत बाबांना पाठवाल का?" पाठवायचा म्हटलं तर त्यांच्याकडं साधा मोबाईल. म्हणून मी फोटो मोठा करून घेतला, पुठ्ठ्यावर लावला आणि रविवारी तलावावर न जाता जयसिंगपूरची एसटी धरली. तिथून पुढं वडापची जीप.

घर शोधून काढलं. बाबा अंगणात शेंगा वाळत घालत होते. मला ओळखलं नाही. माझ्या हातातलं पाकीट बघून दुरूनच म्हणाले, "काय इकायला आला असशीला तर नगं. परवाच एक जण औषध म्हणून कायतरी गळ्यात मारून गेला."

"विकायला नाही. मी उचगावच्या लग्नातला फोटोवाला."

"फोटोचं पैसं मागायला आलायसा?"

"नाही हो. फोटो द्यायला. नवरीनं पाठवलाय."

त्यांचा विश्वास बसला नाही, पण हात पुसून त्यांनी पाकीट घेतलं. फोटो बाहेर काढला, जवळ धरला, मग लांब धरला, मग उन्हाकडं फिरवला. "डोळ्यात पडदा आलाय," ते म्हणाले. "माणसं दिसत्यात, पर तोंडं कळंनात. हा मधला मी का?"

"तुम्हीच. डावीकडं ती, उजवीकडं नवरदेव."

बराच वेळ ते बोट न लावता त्या डाव्या बाजूवर नजर खिळवून होते. मग विचारलं, "हसतीया का ती?"

"हसते आहे."

"खरं सांगा."

"खरंच. चांगली हसते आहे."

त्यांनी माझ्याकडं मान वर करून बघितलं. मी समजलो. परका माणूस, फोटो त्यानंच काढलेला, तो काय वाईट सांगणार? मीही माझ्यासारख्यावर विश्वास ठेवला नसता. त्यांनी घराकडं तोंड करून हाक मारली, "अगं, जरा भाईर ये. हे बघ, आणि मला सांग."

आतून त्यांच्या मालकीण आल्या. हाताला पीठ होतं, ते पदराला पुसलं. फोटो घेऊन त्या उंबऱ्यातल्या उजेडात बसल्या. आधी आपल्या नवऱ्याला बघितलं, मग त्या नवरदेवाला, आणि मग तिच्याकडं. त्यांनी खूप वेळ लावला. बाबा अंगणात उभ्याउभ्या वाट बघत होते, आणि मीसुद्धा.

"हसतीया," त्या म्हणाल्या. "दात दिसत्यात."

"खरं?"

"खरं की. मी कशाला खोटं सांगू?"

तेव्हा बाबांनी शेंगा बाजूला सारल्या, जागा केली आणि मला म्हणाले, "बसा पावणं."